पाहुण्याच्या पायातली कडी

सहामाही परीक्षा संपली होती आणि दिवाळीच्या सुट्टीला दोनच दिवस उरले होते. अशा वेळी मुलांचे मन वर्गात नसते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. म्हणून सातवीच्या मराठीच्या तासाला आम्ही पुस्तक मिटून ठेवले आणि ‘हिवाळ्याचे पाहुणे’ हा निबंधाचा विषय दिला. हजारो मैल उडून आपल्याकडे येणारी बदके, करकोचे, परीट यांच्याबद्दल थोडे सांगितले. पक्षी कुठून येतात हे कळावे म्हणून अभ्यासक त्यांच्या पायात धातूची बारीक कडी घालतात, असेही सांगितले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला.

“सर, तशी कडी आमच्या घरी आहे. माझ्या बहिणीच्या गळ्यात.”

वर्ग हसला. आम्हालाही खरे वाटले नाही. पण मुलगा खोटे बोलणारा नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. वेरूळच्या लेण्यांच्या डोंगरापासून जवळच मोलमजुरी करणाऱ्यांची वस्ती आहे, तिथे त्यांचे दोन खोल्यांचे घर. नानीने पाच वर्षांच्या नातीला जवळ बोलावले आणि तिच्या गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला. दोऱ्यात तावीज होता आणि त्याच्या शेजारी राखाडी रंगाची, करंगळीच्या नखाएवढी, थोडी चेपलेली कडी. भिंग लावून पाहिले तेव्हा इंग्रजी अक्षरे दिसली : ‘इन्फॉर्म’, आणि त्याखाली ‘बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी’. पुढे क्रमांक. म्हणजे, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.

“ही आली कुठून?” आम्ही विचारले.

नानीने मुलाच्या मामूकडे पाहिले. मामूने जमिनीकडे. थोड्या वेळाने त्यांनी सांगितले. दहा-बारा वर्षांपूर्वी ते पैठणच्या बाजूला कामाला होते. हिवाळ्याच्या एका रात्री चौघांनी मिळून नाथसागराच्या काठाला जाळे लावले. सकाळी त्यात तीन बदके होती. जबह करून पाने काढताना एकीच्या पायात ही कडी निघाली. एवढ्या लांबून आलेली चीज, बरकतीची असेल, म्हणून जपून ठेवली. भाची झाली तेव्हा तिच्या दोऱ्यात ओवली.

एवढे सांगून त्यांनी विचारले, “सर, केस तर होणार नाही ना?”

पक्षी जातात कुठे?

त्या कडीचे मोल कळायला थोडे मागे जावे लागेल. हिवाळा संपला की बदके नाहीशी होतात आणि पावसाळा सरला की पुन्हा दिसू लागतात, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. मधल्या काळात ती असतात कुठे, हे मात्र कोडे होते. काही पक्षी तळ्याच्या चिखलात झोपून राहतात, असे युरोपातले मोठमोठे विद्वानसुद्धा मानत. १८२२ साली जर्मनीत एक बलाक पक्षी मिळाला, त्याच्या मानेत आरपार भाला घुसलेला होता. भाला आफ्रिकेतला निघाला. जखमी पक्षी तो भाला घेऊन समुद्र ओलांडून आला होता! पेंढा भरलेला तो पक्षी आजही रोस्टॉक विद्यापीठात ठेवलेला आहे. पक्षी जातात कुठे, याचा तो पहिल्या पुराव्यांपैकी एक.

पण प्रत्येक वेळी भाल्याची वाट कोण पाहणार? १८९९ साली डेन्मार्कमधल्या हान्स मॉर्टेन्सन नावाच्या एका शिक्षकाने (होय, आमच्यासारखाच शाळामास्तर) साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमच्या कड्या घातल्या. प्रत्येक कडीवर क्रमांक आणि परतीचा पत्ता. पक्षी सोडून दिले आणि कुणाचे पत्र येते का, याची वाट पाहत बसला. आज जगभर चालणाऱ्या पक्षी-वलयांकनाची सुरुवात इथून मानतात. त्याच कुळातली भोरडी दर वर्षी मध्य आशियातून थव्याथव्यांनी येते आणि आपल्या मराठवाड्याच्या ज्वारीत उतरते. शेतकरी तिच्यावर गोफण फिरवतात, पण टोळ आणि अळ्या फस्त करणारीही तीच, हे त्यांनाच जास्त ठाऊक असते.

भारतात हे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ साली धार संस्थानात सुरू केले. संस्था त्याहून जुनी, १८८३ची. १९६०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने या कामाला मोठे रूप आले. पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांबरोबर रोगही देशोदेशी जातात का, हे तिला तपासायचे होते. राजस्थानातील भरतपूरला हजारो बदकांच्या पायात कड्या पडल्या आणि सैबेरियातल्या शिकाऱ्यांची पत्रे मुंबईला येऊ लागली. आमच्या गावातल्या तळ्यावर एक बदक मारले, त्याच्या पायात तुमचा पत्ता आहे, अशी. त्या पत्रांमधून उडण्याच्या वाटा नकाशावर उतरल्या.

एक चिमणी आणि एक प्रश्न

या सगळ्या कामामागे ज्यांचे नाव सर्वांत मोठे, ते डॉ. सलीम अली. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्म. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात वाढवले. मुलाला छऱ्याच्या बंदुकीचा नाद. दहा-अकरा वर्षांचा असताना त्याने एक चिमणी पाडली. जबह करायला घेतली तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही नेहमीची चिमणी नाही. मग मुसलमानाला हिचे मांस चालते का, असा प्रश्न त्याला पडला. मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला या संस्थेच्या कार्यालयात पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी मुलाला हाकलले नाही. पीतकंठी चिमणी म्हणून पक्षी ओळखून दिला आणि कपाटे उघडून आत जतन केलेले शेकडो पक्षी दाखवले.

आम्ही ही गोष्ट वर्गात दर वर्षी सांगतो. हलाल-हरामच्या एका साध्या, प्रामाणिक प्रश्नातून भारताचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ घडला. प्रश्न मनात दाबून त्याने चिमणी खाऊन टाकली असती तर? १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले आणि त्यानंतर पिढ्यान् पिढ्या लोक त्यावरून पक्षी ओळखायला शिकले. पुढे डिलन रिप्ली यांच्याबरोबर दहा खंडांचा ग्रंथ. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. १९८७ साली ते अल्लाहला प्यारे झाले. आपल्या छत्रपती संभाजीनगर म्हणजेच औरंगाबाद शहरात, दिल्ली दरवाजाजवळच्या जुन्या खिजरी तालाबाला आज त्यांचेच नाव आहे. रोज त्याच्या शेजारून जाणाऱ्या कितीजणांना नावामागचा माणूस माहीत असेल?

सलीम अलींना आवडणारी एक हकिकत होती. मुंबईच्या गजबजाटातल्या एका घरापुढच्या हिरवळीवर एका राखी परिटाच्या पायात कडी घातली गेली. उन्हाळ्यात तो हिमालयाकडे गेला आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच हिरवळीवर उतरला. कडी नसती तर हा तोच पक्षी, हे कोण सांगू शकले असते? तेव्हापासून वेरूळला येळगंगेच्या दगडांवर शेपटी हलवणारा परीट दिसला की आमच्या मनात येते, हा गेल्या वर्षीचाच तर नसेल?

कडी घालतात कशी?

काम सोपे नाही आणि कुणीही उठून करावे असेही नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते आणि हात तयार असावा लागतो. पहाटे झाडीत किंवा पाण्याच्या काठाशी केसासारख्या बारीक धाग्यांची जाळी उभारतात. पक्षी अडकला की ताटकळत ठेवत नाहीत. थोड्या थोड्या वेळाने फेरी मारून सोडवतात आणि कापडी पिशवीत ठेवतात. अंधारात पक्षी शांत राहतो. मग वजन, पंखाची लांबी, चोचीची लांबी, पिसे नवी की जुनी, वय किती असावे, सगळे वहीत लिहितात. शेवटी पायाच्या मापाची कडी पकडीने अलगद मिटवतात. ती इतकी हलकी की पक्ष्याला जाणवू नये, इतकी सैल की पायावर फिरावी, पण निसटू नये. काही मिनिटांत पक्षी हवेत.

या कामातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. पक्षी न दुखावता पकडायचा कसा, हे शास्त्रज्ञांना कुणी शिकवले? बिहारमधल्या मीरशिकारांनी. पिढ्यान् पिढ्या पक्षी धरून विकणारी ही मुसलमान जमात. त्यांच्यातले अली हुसेन यांचे नाव तर पक्ष्यांच्या अभ्यासकांत आदराने घेतले जाते. पाण्यातल्या सावलीवरून आणि शिळेवरून पक्षी ओळखणारी ही माणसे सलीम अलींच्या संस्थेसाठी काम करू लागली. जे हात पक्षी बाजारात नेत होते, तेच त्याच्या पायात कडी घालून त्याला सोडून देऊ लागले.

आता कडीबरोबर उपग्रहाशी बोलणारी यंत्रेही आली आहेत. २०२२ साली ठाणे खाडीत सहा रोहित पक्ष्यांच्या अंगावर अशी यंत्रे बसवली. त्यांतल्या एकाचे नाव ‘सलीम’, एकाचे ‘हुमायून’. दुसरे नाव मुंबईचेच पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या आठवणीत. ठाणे खाडीचा तो चिखलाचा किनारा २०१५ मध्ये रोहित अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. त्याच वर्षी एका पाणटिवळ्याने अलास्काहून टास्मानियापर्यंत, वाटेत कुठेही न उतरता, अकरा दिवसांत साडेतेरा हजार किलोमीटर कापल्याची नोंद झाली. तरीही साध्या कडीचे काम संपलेले नाही. यंत्र महाग असते, कडी स्वस्त. फक्त एक अडचण आहे. यंत्र स्वतः बोलते. कडी बोलत नाही. तिला सापडणाऱ्या माणसाने बोलावे लागते. असंख्य कड्या घातल्या जातात, त्यांतल्या फार थोड्यांची खबर परत येते.

एक खोटी ओळ

आता पुन्हा त्या दोन खोल्यांच्या घरात जाऊ.

मामूच्या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. रानबदक धरणे हा गुन्हाच आहे आणि तो दहा वर्षांपूर्वीही गुन्हाच होता. दुसरीकडे, हातावर पोट असलेला माणूस समोर बसलेला. आम्ही म्हटले, कडी तुमच्याकडेच राहू द्या. संस्थेला कडी नको असते. तिला हवा असतो क्रमांक, जागा, तारीख आणि पक्षी कसा मिळाला याची माहिती. वहीचा कागद कडीवर ठेवून पेन्सिल घासली, तेव्हा सगळे आकडे स्वच्छ उमटले. मुलाने ते दोनदा तपासले.

संध्याकाळी घरी येऊन आम्ही पत्र लिहायला बसलो. क्रमांक लिहिला. जागा लिहिली : नाथसागर, पैठण. वर्ष अंदाजे लिहिले. ‘पक्षी कसा मिळाला’ इथे आल्यावर पेन थांबले. मग आम्ही लिहिले : काठावर मृतावस्थेत सापडला.

आम्हाला वाटले, काय बिघडले? एका गरिबाची अडचण टळली आणि क्रमांकही पोचला. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलाला पत्र वाचून दाखवले, कारण शोध त्याचा होता. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “सर, पण ते मेलेलं नव्हतं.”

ज्या मुलांना आम्ही वर्षभर खरे बोला म्हणून सांगतो, त्यांच्यातल्याच एकाने एवढेच म्हणावे आणि आमच्याकडे उत्तर नसावे! आम्ही त्याला म्हटले, मामूंना विचारून ये.

नंतर विचार करताना आमची चूक आम्हाला नीट दिसली. कडी घालणारा माणूस मुंबईत बसून हेच शोधत असतो : पक्षी म्हातारा होऊन मेला, विजेच्या तारेला लागला, विषाने मेला की जाळ्यात सापडला. प्रत्येकाने आमच्यासारखी ‘मृतावस्थेत सापडला’ अशी ओळ लिहिली, तर कागदावर जाळे कुठेच उरणार नाही. मग जाळी लागतात हे कळणार कसे आणि ती काढणार कोण? खबर न देणे हे एक झाले. चुकीची खबर देणे त्याहून वाईट, कारण ती खरी समजून पुढे चालते. हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांच्याकडे सबा देशाची बातमी घेऊन येणारा हुदहुद आपल्या सर्वांना माहीत आहे. त्याची बातमीसुद्धा, खरी की खोटी, हे आधी पारखले गेले होते. आम्ही मात्र माणूस असून बातमीत भेसळ केली.

तिसऱ्या दिवशी मामू स्वतः शाळेत आले. कामावरची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून. म्हणाले, “सर, जे झालं ते लिहा. कडी म्हणजे कुणाची तरी अमानत होती. इतकी वर्षं आम्ही दाबून ठेवली, आता त्यात खोट नको. नावही लिहा.”

नाव लिहिण्याची गरज आम्हाला वाटली नाही, पण ओळ बदलली : रात्री लावलेल्या जाळ्यात सापडला, खाण्यासाठी मारला. पत्राखाली शाळेचा पत्ता लिहिला. मुलाने पाकीट स्वतःच्या हाताने पेटीत टाकले.

नाथसागरावर एक सकाळ

राज्य शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ ठरवला आहे. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. चितमपल्ली २०२५च्या जून महिन्यात गेले. मराठी मुलांना रानातल्या पक्ष्यांची नावे देणारा माणूस गेला. या सप्ताहातल्या रविवारी चौदा मुले, तीन शिक्षक आणि दोन जीपगाड्या अशी आमची सहल पैठणला निघाली. वाट दाखवायला मामू पुढच्या जीपमध्ये.

फजरची नमाज पढून निघालो, तरी ऐंशीएक किलोमीटर जाईपर्यंत ऊन वर आले होते. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. भिंत जवळजवळ दहा किलोमीटर लांब, दरवाजे सत्तावीस. मागे पसरलेले पाणी म्हणजे नाथसागर, संत एकनाथांच्या नावाचा. १९८६ मध्ये हा जलाशय पक्षी अभयारण्य झाला. क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. धरण माणसांच्या शेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधले, पण उथळ काठ, पाणवनस्पती आणि मासे पाहून पाहुण्यांनी ते आपले करून घेतले.

मुले आधी हिरमुसली. पाणी काठोकाठ, पक्षी लांब. मामूंनी समजावले, पाणी भरलेले असले की पक्षी पांगतात. पाणी उतरू लागले की काठ उघडे पडतात, शेतकरी त्यावर गाळपेरा करतात आणि मग ओल्या चिखलात खरी गर्दी होते. डिसेंबर-जानेवारीत या. पण एक जागा आहे. असे म्हणून त्यांनी आम्हाला भिंतीपासून दूर, आत घुसलेल्या पाण्याच्या एका उथळ फाट्याशी नेले. बाभळीच्या आडोशाला सगळ्यांना बसवले. “बोलायचं नाही. हात वर करायचा नाही. उन्हाकडं पाठ.”

पाच मिनिटांनी डोळे सरावले. काळे अंग, पांढरी चोच आणि पांढरे कपाळ : हे वारकरी. पैठणच्या पाण्यावर हे नाव किती शोभून दिसते! त्यांच्या पलीकडे लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक, पसरट चोचीने पाणी गाळत जाणारे थापटे, डोळ्यावर पांढरी कोर असलेली भुवई बदके. ही तिन्ही उत्तरेकडून आलेली. लाल लांब पायांचे शेकाटे काठाने चालत होते. केशरी रंगाची चक्रवाकाची एक जोडी आवाज करत डोक्यावरून गेली. एका मुलीने विचारले, “सर, हिमालय आडवा येत नाही का?” आम्ही पट्टकादंब हंसाची माहिती सांगितली. हा हंस मंगोलिया, तिबेटकडून येतो आणि हिमालय ओलांडताना तो सात हजार मीटरहून जास्त उंचीवर असल्याची नोंद उपग्रहयंत्राने दिली आहे. तेवढ्या उंचीवर माणसाचा श्वास अपुरा पडतो.

मुले वहीत लिहीत होती : जात, संख्या, वेळ, पक्षी काय करत होता. मामू एकटेच जरा बाजूला उभे होते. कडी असलेले बदक कोणत्या जातीचे होते, असे आम्ही विचारले. त्यांनी तलवार बदकांकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “ही. तेव्हा नाव माहीत नव्हतं.” आम्ही ते वहीत टिपून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला आणखी एक ओळ लिहून पाठवली.

पाहुण्यांचे घर

पाहुण्यांपुढच्या अडचणी जाळ्यांपुरत्या नाहीत. दुष्काळाच्या वर्षी जलाशय आटतो. पूर्ण भरला तर चिखल मिळत नाही. पाण्यात विष कालवून मासे किंवा पक्षी मारण्याचे प्रकार कुठे कुठे होतात. ते मांस माणसालाही घातक असते. मकर संक्रांतीच्या पतंगांचा नायलॉन मांजा झाडांवर महिनोन् महिने राहतो. नाथसागराच्या पाण्यावर तरंगता सौर प्रकल्प उभारण्याच्या प्रस्तावाला मच्छीमारी करणाऱ्या कहार समाजाच्या समितीने हरित न्यायाधिकरणात आणि मग सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २०२५च्या मे महिन्यात न्यायालयाने ते फेटाळले. वीज सगळ्यांना हवी, मासेमारीवर जगणाऱ्यांची भाकरीही खरी. अशा वेळी कोणत्या काठावर किती पक्षी येतात याची वर्षानुवर्षांची खरी नोंद हाताशी असेल, तर निदान बोलणे पुराव्याने होते. ती नोंद सरकारनेच ठेवावी असे थोडेच आहे?

नागालँडची गोष्ट आम्ही मुलांना परतताना सांगितली. तिथे दोयांग जलाशयाजवळ शरद ऋतूत लाखो अमूर ससाणे उतरतात. २०१२ साली त्यांची जाळ्यांनी भयंकर कत्तल झाली. त्याची चित्रे जगभर गेली. चर्चने, गावाच्या पंचांनी आणि अभ्यासकांनी समजूत घातली आणि दुसऱ्याच वर्षी त्याच गावांनी जाळी बंद केली. काही ससाण्यांच्या पाठीवर यंत्रे बसवली, त्यांना गावांची नावे दिली. तेव्हापासून ‘आमच्या गावाचा पक्षी’ अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला पोचला की गावात आनंद होतो. समज आली की माणूस बदलतो, आणि लवकर बदलतो.

घरातल्या सर्वांसाठी

वाचक बंधू-भगिनींनो, हे सगळे करायला पैठणलाच जावे लागते असे नाही. गावतळे, नदीचा डोह, शेततळे, शहरातला सलीम अली तलाव, कुठेही सुरुवात होते. सकाळच्या पहिल्या दोन तासांत जा. मळकट रंगाचे कपडे घाला. दुर्बीण नसली तरी चालते. वही मात्र हवी. घरट्याजवळ जाऊ नका, पक्ष्यांना उडवून छायाचित्रे काढू नका. अभयारण्यात वन खात्याची परवानगी आणि नियम पाळा. मुलांच्या हातातली गलोल गोडीने मागून घ्या आणि बदल्यात वही द्या. आमच्या अनुभवात ही अदलाबदल जमते.

पायात कडी असलेला पक्षी दिसला किंवा सापडला तर काय करावे? जिवंत असेल तर कडी काढू नका. छायाचित्र काढा किंवा आकडे वाचा. जखमी असेल तर खोक्यात, अंधारात ठेवून वन खात्याला कळवा. मेलेला असेल तर उघड्या हाताने धरू नका, कारण पक्ष्यांचे आजार माणसाला होऊ शकतात. कडीवरची सगळी अक्षरे आणि आकडे, सापडल्याची जागा, तारीख आणि पक्षी कसा सापडला हे लिहून कडीवरच्या पत्त्याला पाठवा. कडी परदेशातली असली तरी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवले की पुढे पोचते. आणि घरात कुणाच्या पेटीत, दोऱ्यात, चावीच्या जुडग्यात अशी जुनी कडी असेल, तर तीही आजच बाहेर काढा. उशिराची खबरही खबरच असते. जे झाले असेल तेच लिहा.

मुंबईच्या उत्तराची वाट आम्ही आणि सातवीचा वर्ग पाहत आहोत. ते बदक कुठल्या तळ्यावर, कोणत्या साली कुणाच्या हातातून सुटले होते, हे कळायचे आहे. मुलगा दर शनिवारी पोस्टमनला विचारतो. त्याची धाकटी बहीण मात्र निश्चिंत आहे. परवा ती शाळेत आली होती, गळ्यातली कडी दोन बोटांत धरून आमच्या शिपाईमामांना सांगत होती, “ही माझी नाही. ही मुंबईवाल्यांची आहे. आमच्याकडं ठेवायला दिली आहे.”